व्हिएन्नाच्या रेडिओलॉजी काँग्रेसला प्रथमच जाताना

युरोपियन सोसायटी ऑफ रेडिओलॉजी या संस्थेची वार्षिक काँग्रेस फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला व्हिएन्नातील ‘ऑस्ट्रिया सेंटर’मध्ये भरते. बुधवारी सुरू होऊन रविवारी संपणाऱ्या या काँग्रेसला सगळे ‘ईसीआर’ (युरोपियन काँग्रेस ऑफ रेडिओलॉजी) म्हणूनच ओळखतात. महाराष्ट्रातून आणि गोव्यातून एमडी करणारे रेसिडेंट डॉक्टर, तसेच नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेले तरुण रेडिओलॉजिस्ट तिथे आपले काम घेऊन जातात. पहिल्या खेपेला बहुतेकांची शक्ती व्याख्यानांपेक्षा कागदपत्रांवर, तिकिटांवर आणि जेवणाच्या शोधावर खर्च होते. हीच कामे आधीच्या सहा-सात महिन्यांत एकेक करून हातावेगळी केली, तर सभागृहात बसल्यावर मन मोकळे राहते आणि ज्यासाठी एवढा खर्च केला ते शिकणे खरोखर घडते. म्हणून काँग्रेसच्या तारखेपासून मागे मोजत यावे आणि प्रत्येक कामाला आपल्या वहीत एक तारीख लिहावी.

निमंत्रण खरे आहे ना?

एखाद्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध झाला की परदेशी परिषदांची निमंत्रणे ई-मेलवर येऊ लागतात. त्यांतील बरीचशी केवळ नोंदणीशुल्क गोळा करण्यासाठी असतात. हृदयरोगापासून दंतवैद्यकापर्यंत सगळे विषय एकाच हॉटेलात दोन दिवसांत उरकणारी, निबंध पाठवल्यापासून काही तासांत ‘स्वीकारला’ असे कळवणारी आणि पाठीशी कोणतीही मान्यवर व्यावसायिक संस्था नसलेली परिषद दिसली, तर तिचा विचार सोडून द्यावा. मागील वर्षीचा कार्यक्रम मिळतो का, समितीत ज्यांची नावे आहेत त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर या परिषदेचा उल्लेख आहे का आणि युरोपातील परिषद असेल तर तिला ‘ईएसीसीएमई’ या निरंतर वैद्यकीय शिक्षणाला मान्यता देणाऱ्या युरोपीय मंडळाची मान्यता आहे का, एवढे तपासायला अर्धा तास पुरतो.

ईसीआरच्या खरेपणाविषयी शंका नाही, पण तिच्या नावावर फसवणारे लोक आहेत. मोठ्या काँग्रेसला नोंदणी केलेल्यांना ‘आम्ही अधिकृत निवासव्यवस्था पाहतो’ असे सांगणारे फोन आणि मेल येतात, खोली संपत आल्याची घाई केली जाते आणि कार्डाचा क्रमांक मागितला जातो. खोली एकतर काँग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावरील दुव्यावरून घ्यावी किंवा थेट हॉटेलशी बोलून. फोनवर कार्डाचा क्रमांक कोणालाही देऊ नये.

पैसा आणि परवानगी

ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे आपल्या निबंधाचे सारांश, सामान्यतः आदल्या वर्षाच्या उत्तरार्धात मागवले जातात आणि लवकर नोंदणी करणाऱ्याला शुल्क कमी पडते. काँग्रेस भरवणाऱ्या संस्थेचे सभासदत्व असल्यास ते आणखी कमी होते. तरुण सादरकर्त्यांसाठी ‘इन्व्हेस्ट इन द यूथ’ नावाची साहाय्य योजना आहे. तिच्या त्या वर्षीच्या अटी ॲबस्ट्रॅक्ट पाठवण्याआधीच वाचाव्यात, कारण असा अर्ज पुष्कळदा ॲबस्ट्रॅक्टच्या फॉर्ममध्येच करायचा असतो आणि नंतर मागे जाता येत नाही.

औषध कंपनी तिकीट काढून देईल ही अपेक्षा मनातून काढून टाकावी. केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाने मार्च २०२४मध्ये लागू केलेल्या विपणन संहितेनुसार, वक्ता म्हणून बोलावलेल्या व्यक्तीचा अपवाद सोडल्यास, कंपन्यांनी डॉक्टरांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना परिषदेसाठी देशात वा परदेशात प्रवासाची आणि निवासाची सोय करून देणे अपेक्षित नाही. हा नियम मला योग्य वाटतो, आणि रेसिडेंट असतानाच तो अंगवळणी पडलेला बरा. खर्चासाठी आपले महाविद्यालय, विद्यापीठ आणि व्यावसायिक संघटना यांच्याकडे रीतसर अर्ज करावा.

शासकीय महाविद्यालयात किंवा पालिकेच्या रुग्णालयात काम करणाऱ्यांना परदेश प्रवासाची पूर्वपरवानगी लागते. हा कागद विभागप्रमुखांकडून अधिष्ठात्यांकडे आणि तिथून वरच्या कार्यालयाकडे जातो. त्यामुळे ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारल्याचे पत्र येताच अर्ज द्यावा. रजेच्या पत्रात काँग्रेसच्या पाच दिवसांबरोबर जाण्या-येण्याचे दिवसही नमूद असावेत. हेच पत्र पुढे व्हिसाच्या अर्जाला जोडायचे असते आणि त्यावरील तारखा विमान तिकिटाशी जुळल्या नाहीत, तर विनाकारण प्रश्न उभा राहतो.

कार्डांविषयी एक लक्षात ठेवावे. आपल्या बँकांच्या कार्डांवर परदेशी व्यवहार बहुधा बंद ठेवलेले असतात आणि ते ॲपवरून आपणच सुरू करायचे असतात. नोंदणीशुल्काची शेवटची तारीख उजाडल्यावर हे लक्षात येणे परवडत नाही. प्रवासासाठी युरो भरलेले फॉरेक्स कार्ड, एक नेहमीचे कार्ड आणि थोडे रोख युरो पुरेसे होतात. तिथल्या दुकानातील यंत्राने रक्कम रुपयांत हवी की युरोत असे विचारले, तर युरोच निवडावे. रुपये निवडल्यास दुकानदाराच्या बाजूचा महागडा दर लागतो.

व्हिसा

ऑस्ट्रिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, म्हणून अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा काढावा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची असली, तरी अधिक तपासणी लागल्यास ती ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. शिवाय मुलाखतीची वेळ मिळायलाच काही आठवडे जातात. मार्चच्या काँग्रेससाठी अर्ज डिसेंबरमध्ये देऊन मोकळे व्हावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ११ जून २०२४पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे, आणि व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याविषयी नेहमी गोंधळ होतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस समान असतील तर जिथे प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे. पाच दिवस व्हिएन्नात आणि नंतर आठ दिवस स्वित्झर्लंडमध्ये असा बेत असेल, तर अर्ज ऑस्ट्रियाकडे करणे चूक ठरते.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला असावा. वैद्यकीय विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे आणि ते संपूर्ण शेंगेन क्षेत्राला लागू असावे. यांशिवाय काँग्रेसचे नोंदणीपत्र व निमंत्रणपत्र, ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारल्याचे पत्र, रजेचे पत्र, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्र, निवासाचे आरक्षण आणि येण्या-जाण्याचा प्रवास लागतो. कोणत्या कामासाठी, कधी, कोणाच्या खर्चाने जात आहोत हे एका पानात स्पष्ट सांगणारे पत्र सर्वांत वर लावावे. अर्ज पाहणाऱ्या अधिकाऱ्याला तुमच्या निबंधाच्या विषयात रस नसतो. हा माणूस काँग्रेसला खरोखर जाणार आहे आणि कामावर परत येणार आहे, एवढेच त्याला कागदांतून दिसायला हवे. खर्च आई-वडील करणार असतील, तर त्यांचे पत्र आणि त्यांचे बँकेचे उतारे जोडावेत. परीक्षेच्या वयात स्वतःच्या खात्यात फार पैसे नसणे स्वाभाविक आहे, ते लपवण्यासाठी अर्जापूर्वी मोठी रक्कम भरून ठेवल्यास उलट शंका येते.

नावाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्याकडे मधे वडिलांचे किंवा पतीचे नाव लावण्याची रीत आहे आणि पासपोर्टवर ते पहिल्या नावाबरोबर छापलेले असते. काँग्रेसची नोंदणी, निमंत्रणपत्र, विमा आणि विमानाचे तिकीट या चारही ठिकाणी पासपोर्टवर आहे तसेच नाव द्यावे. पदवीचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट लग्नानंतरच्या नावाने असेल, तर विवाह प्रमाणपत्राची प्रत सोबत ठेवावी. शोधनिबंधावर कोणते नाव छापायचे हा प्रश्न वेगळा आहे. तिथे व्यावसायिक नाव खुशाल वापरावे, पण प्रवासाच्या कागदांवर नको.

व्हिसा हातात आला की तो तिथेच वाचून पाहावा. वैधतेच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस दिवसांच्या वैधतेत दहाच दिवस राहण्याची मुभा असू शकते. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तरी व्हिएन्नाहून प्राग, ब्रातिस्लाव्हा किंवा बुडापेस्टला जाऊन परत येता येते, कारण ही शहरे शेंगेनमध्येच आहेत. लंडन मात्र शेंगेनबाहेर आहे. लंडनमार्गे तिकीट काढण्यापूर्वी ब्रिटनचे नियम स्वतंत्रपणे पाहावेत.

सादरीकरण

ईसीआरमधील पोस्टर कागदी नसतात. ते ‘ईपॉस’ या इलेक्ट्रॉनिक प्रणालीत आधीच चढवायचे असतात, त्यामुळे विमानात लांब नळी सांभाळत नेण्याचा त्रास नाही. मात्र अंतिम तारीख चुकली तर पोस्टर दिसतच नाही.

आपल्या विषयात सर्वांत मोठी जबाबदारी रुग्णाच्या ओळखीची आहे आणि इथे घाई अजिबात चालत नाही. सोनोग्राफीच्या प्रतिमेत रुग्णाचे नाव, वय आणि तारीख चित्रातच उमटलेली असते. ‘डायकॉम’ या वैद्यकीय प्रतिमांच्या फाइलच्या आतील माहिती पुसली, तरी चित्रातील अक्षरे तशीच राहतात. पॉवरपॉइंटमध्ये चित्राची कड कापली की नाव दिसेनासे होते, पण कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक असतो आणि कोणीही तो पुन्हा उघडू शकतो. म्हणून नाव काढण्याचे काम स्लाइडवर करू नये. मूळ प्रतिमेतच तो भाग कायमचा पुसून, नव्याने साठवलेले चित्र स्लाइडवर घ्यावे. चेहऱ्याच्या त्रिमितीय सीटी प्रतिमेवरून माणूस ओळखता येतो, तिथे डोळ्यांवर काळी पट्टी पुरत नाही. दुर्मीळ आजार, गावाचे नाव आणि नेमकी तारीख एकत्र आली, तर नाव नसतानाही त्या तालुक्यातील माणसाला रुग्ण कोण ते कळते. आपल्या रुग्णालयाच्या नैतिकता समितीचे पत्र आणि गरज असेल तिथे रुग्णाची संमती आधीच घेऊन ठेवावी. एका स्लाइडवर आर्थिक हितसंबंध जाहीर करावेत, नसतील तर नाहीत असे लिहावे.

बोलण्याविषयी थोडेसे. श्रोत्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. इटली, तुर्कस्तान, जपान, ब्राझील अशा ठिकाणांहून आलेली ही माणसे असतात. त्यांना उच्चाराची अडचण येत नाही, वेगाची येते. लहान वाक्ये, संथ गती आणि एका स्लाइडवर एकच मुद्दा ठेवावा. नेमून दिलेल्या वेळेत संपवण्याचा सराव विभागातील सहकाऱ्यांसमोर घड्याळ लावून करावा. अध्यक्ष वेळ संपताच थांबवतात आणि निष्कर्ष सांगायचा राहून गेला, तर सगळी मेहनत अर्धवट दिसते. फाइल पेन ड्राइव्हवर आणि ई-मेलवर अशी दोन्हीकडे ठेवावी आणि वक्त्यांसाठीच्या कक्षात आदल्या दिवशीच देऊन, व्हिडिओ चालतात का ते तिथल्या संगणकावर पाहून घ्यावे.

सामान आणि खाऊ

त्या दिवसांत व्हिएन्नात थंडी असते. सकाळी पारा शून्याच्या आसपास असतो, वारा बोचरा असतो आणि बर्फही पडू शकतो. थरांवर थर घालता येतील असे कपडे, वारा अडवणारा कोट आणि रोज दहा-बारा हजार पावले चालवतील असे बूट न्यावेत. बूट नवे नसावेत. केंद्रात कोट ठेवण्याची सोय असते. तिथल्या सॉकेटमध्ये गोल दोन पिनांचे प्लग बसतात, आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही, म्हणून लॅपटॉपसाठी ॲडॉप्टर लागतो. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे.

घरून निघताना डबे भरून देण्याची आपली पद्धत आहे, पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, बर्फी, खवा, पनीर, तूप, श्रीखंड घरीच ठेवावे. बहुतेक ताजी फळे-भाज्या आणि कढीपत्तादेखील प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. चिवडा, मेतकूट, भाजलेल्या दाण्यांची कोरडी चटणी असे पॅकबंद पदार्थ न्यावेत. रोजची औषधे मूळ वेष्टनात, जेनेरिक नाव लिहिलेल्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातील पिशवीत ठेवावीत. डॉक्टर आहोत म्हणून स्वतःच्या नावाने चिठ्ठी लिहू नये, सहकाऱ्याकडून घ्यावी.

विमानतळापासून सभागृहापर्यंत

फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा झुरिकमार्गे जात असाल, तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते, व्हिएन्नाला नाही. ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमांवर नवी प्रवेश-निर्गम नोंदप्रणाली टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून तिच्यात चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. त्यामुळे रांगेला वेळ लागतो. दोन विमानांमध्ये किमान अडीच-तीन तासांचे अंतर ठेवावे आणि निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट व विमा कागदावर छापून जवळ ठेवावा.

व्हिएन्नाच्या श्वेकाट विमानतळावरून शहरात यायला तीन गाड्या आहेत. ‘कॅट’ ही जलद गाडी वीन मिट्टे स्थानकाला सुमारे १६ मिनिटांत पोहोचवते, पण महाग आहे आणि शहराचा पास तिच्यात चालत नाही. एस-७ ही लोकल तिथेच सुमारे २५ मिनिटांत कितीतरी कमी पैशांत नेते. रेलजेट ही गाडी मुख्य स्थानकाला, म्हणजे हाउप्टबानहोफला, पाव तासात सोडते. मला ही तिसरी गाडी सोयीची वाटते, कारण त्याच स्थानकाखालून यू-१ मेट्रो थेट काँग्रेसला जाते.

यू-१ची ‘लेओपोल्डाउ’कडे जाणारी गाडी पकडून ‘कायझरम्यूलेन व्हीआयसी’ स्थानकावर उतरावे. दोनाउइन्झेल हे नदीतील बेटाचे स्थानक गेले की पुढचेच. स्थानकाबाहेर दिसणाऱ्या उंच वक्राकार इमारती संयुक्त राष्ट्रसंघाच्या आहेत, तिकडच्या सुरक्षा फाटकाकडे वळू नये. ऑस्ट्रिया सेंटर त्यांच्या शेजारी आहे. हॉटेल घेताना सभागृहापासूनचे अंतर किलोमीटरमध्ये पाहू नये, यू-१चे स्थानक चालत गाठता येते का ते पाहावे. शहराच्या मध्यभागी स्टेफान्सप्लात्झजवळ राहिले, तरी मेट्रोने दहा मिनिटांच्या आत पोहोचता येते.

स्थानकांवर फाटके नाहीत, म्हणून तिकीट लागत नाही असा समज करून घेऊ नये. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि दंड १०० युरोंहून अधिक आहे. छापील तिकिटावर वेळेचा शिक्का नसेल, तर प्रवासापूर्वी यंत्रात घालून तो उमटवून घ्यावा लागतो. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहतात आणि डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवतात.

काँग्रेसचे दिवस

आपली घड्याळे त्या काळात व्हिएन्नाच्या साडेचार तास पुढे असतात. पहिल्या दोन दिवशी पहाटे तीनला जाग येते आणि दुपारच्या व्याख्यानात झोप अनावर होते, म्हणून शक्य असल्यास सोमवारी पोहोचावे. बॅज मंगळवारीच मिळत असेल तर तेव्हाच घ्यावा, बुधवारी सकाळची रांग टळते.

एकाच वेळी अनेक सभागृहांत सत्रे चालू असतात. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे डोकावण्याचा मोह आवरावा. आधीच्या आठवड्यात कार्यक्रम वाचून रोज तीनच सत्रे पक्की करावीत. एक आपल्या रोजच्या कामाचे, एक आपल्या विभागात जे होत नाही त्याचे आणि एक निव्वळ आवडीचे. ज्या व्याख्यानांची चित्रफीत नंतर पाहता येते, ती मागे ठेवावीत. जिथे प्रत्यक्ष केस सोडवून घेतात किंवा चर्चा होते, तिथे हजर राहावे. प्रश्न विचारायचा असेल तर माइकजवळ जाऊन नाव, गाव आणि एका वाक्यात प्रश्न एवढेच सांगावे. ससून, जीएमसी, केईएम ही आपल्या रुग्णालयांची नावे तिथे कोणाला ठाऊक नसतात, म्हणून ‘पुणे, भारत’ असे म्हणावे. आपल्या रुग्णालयात क्षयाचे, हायडॅटिड या कृमीजन्य गाठींचे, न्यूरोसिस्टिसर्कोसिस या मेंदूतील कृमीसंसर्गाचे जितके रुग्ण दिसतात तितके युरोपातील तरुण डॉक्टरांनी पाहिलेले नसतात. या विषयांवर बोलण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, हे ओळखून न संकोचता बोलावे. फेलोशिपची इच्छा असेल, तर त्या विभागाच्या प्राध्यापकांना दोन महिने आधी मेल करून दहा मिनिटांची भेट मागावी. गर्दीत गाठून बायोडेटा हातात देण्याचा उपयोग होत नाही.

जेवण

शाकाहारी माणसाची व्हिएन्नात उपासमार होत नाही, पण विचारून खावे लागते. ‘फ्रिटाटेनझुपे’ या सूपमध्ये धिरड्याच्या पट्ट्या असतात आणि ते शाकाहारी वाटते, प्रत्यक्षात ते गोमांसाच्या रश्शाचे असते. मेनूवर पदार्थांपुढे जी अक्षरे छापतात ती ॲलर्जीसाठी आहेत. ‘सी’ म्हणजे अंडे, ‘जी’ म्हणजे दूध, ‘डी’ म्हणजे मासे, ‘ए’ म्हणजे ग्लुटेन. अंडे न खाणाऱ्यांना या ‘सी’ अक्षराचा मोठा आधार होतो. नाशमार्क्ट या बाजारात फलाफल सहज मिळते. नळाचे पाणी आल्प्सच्या झऱ्यांतून येते आणि निर्धास्त प्यावे, बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. रविवारी दुकाने बंद असतात. मुख्य स्थानक, वीन मिट्टे आणि प्राटरस्टर्न अशा मोठ्या स्थानकांतील काही किराणा दुकाने उघडी राहतात, म्हणून हवे ते शनिवारी संध्याकाळपूर्वी घ्यावे. बिल देताना पाच ते दहा टक्के वाढवून एकूण आकडा तोंडी सांगण्याची तिथे पद्धत आहे.

अडचण आली तर

रुग्णवाहिकेसाठी १४४, पोलिसांसाठी १३३ आणि कोणत्याही तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. तातडी नसलेल्या आजारासाठी १४५० वर सल्ला मिळतो. साधी प्रतिजैविकेही तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि आपली भारतीय चिठ्ठी दुकानदार मान्य करील असे गृहीत धरू नये. उपचारापूर्वी विमा कंपनीच्या चोवीस तासांच्या क्रमांकावर कळवावे आणि प्रत्येक पावती जपावी. पासपोर्ट हरवल्यास आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि मग ऑपेराजवळच्या भारतीय दूतावासात जावे. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांची प्रत व दोन छायाचित्रे वेगळ्या पिशवीत ठेवलेली असली, तर हे काम पुष्कळ सोपे होते.

उपस्थितीचे प्रमाणपत्र आपोआप घरी येत नाही. सत्रांची नोंद आणि मूल्यमापनाचा फॉर्म पूर्ण केल्यावर ते उतरवून घ्यायचे असते. निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे युरोपियन गुण तासागणिक मोजले जातात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुण लागतात, तेव्हा प्रमाणपत्राबरोबरच काँग्रेसच्या कार्यक्रमाची प्रत, आपल्या ॲबस्ट्रॅक्टचा छापील क्रमांक आणि बॅजचे छायाचित्र एकाच फोल्डरमध्ये ठेवावे. खर्चाच्या प्रतिपूर्तीचा अर्ज करायचा असेल, तर विमानाचे बोर्डिंग पासही त्याच फोल्डरमध्ये असावेत, कारण कार्यालयात तिकिटाबरोबर तेही मागितले जातात.